हवेत आवळलेला बोल्ट

२ फेब्रुवारी, रविवार

आप्पांना आज घाटकोपरला घेऊन आलो. संघमित्रा, माझी धाकटी बहीण, एक मार्चपासून नागपूरला जातेय, बदली. बोरीवलीच्या तिच्या घरात आप्पा एकटे राहू शकत नाहीत. वय पंच्याहत्तर, अंगात साखर आणि डोक्यात राग. तिने दारातच अटी सांगितल्या. "दादा, महिनाभर ठेवून बघ. जमलं तर कायमचे तुझ्याकडे. नाही जमलं तर वसईला एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय. आणि मी तुझ्या भरवशावर नाही ठेवत, चेतनावहिनीला विचारून ठेवतेय. त्यांचा हात सुटला तर त्याच दिवशी मला फोन."

"सुटू तर दे," मी म्हणालो.

तो हात मी ओळखतो. बस डेपोत पस्तीस वर्षं फिटर होता तो हात. आईच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं, आणि ते जन्मापासून नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो, भाकरी जळाली होती. आई जाऊन आता तीन वर्षं झाली. शेवटपर्यंत ती उजवा कान पुढे करून बसायची आणि बायका विचारत तेव्हा सांगायची, गोवर आला होता.

मी आजवर कुणावर हात उचललेला नाही. व्यासपीठावर मी याच वाक्याने सुरुवात करतो. टाळ्यांसाठी नाही, ते खरं आहे म्हणून. आठ मार्चला मुलुंडच्या हॉलमध्ये घरातल्या मारझोडीवर बोलायचं आहे. टिपणं काढायला हवीत. या वहीत तेही उतरवीन.

येताना गाडीच्या मागच्या बाजूने आवाज येत होता. प्रत्येक खड्ड्याला टक्, वळताना कर्रर्र. एकोणीस वर्षांची गाडी, आवाज करणारच. आप्पा मागे बसले होते. मरोळच्या पुढे डोळे मिटूनच म्हणाले, "आर्मचा बुश गेलाय. डावा."

मी रेडिओ लावला.

४ फेब्रुवारी

बुश म्हणजे रबराचं जाड कडं, मध्ये लोखंडी नळी. चाकाचा दांडा, म्हणजे आर्म, गाडीच्या अंगाला जिथे जोडतात, तिथे हे कडं असतं, म्हणजे लोखंडावर लोखंड आदळू नये. मी चार तास वाचलं. व्हिडिओ पाहिले, एक जुनं पुस्तकही काढलं. डावाच आहे. आप्पा बरोबर निघाले याचा मला जो संताप आला, त्याचं मोजमाप करायला माझ्याकडे माप नाही.

गॅरेजला देणार नाही. हे मी करीन, त्यांच्यासमोर करीन.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठ ते दुपारी तीन. हाताला चार ठिकाणी कापलंय.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत, लुंगी आणि स्वेटर. शेजारचे लवूकाका पेपर घेऊन आले आणि पेपर न वाचता उभे राहिले. काकांनी तीस वर्षं रिक्षा चालवली, त्यांना उघडं इंजिन दिसलं की पाय हलत नाहीत.

बोल्ट गंजून एकजीव झालेला. डिझेल ओतलं, अर्धा तास थांबलो, पाना लावून वर उभा राहिलो. नाही. मग हातोडा. मला कबूल केलं पाहिजे की तो हातोडा मारताना मला बरं वाटलं. प्रत्येक घावाला गाडी कळवळल्यासारखी हलत होती आणि मी दात आवळून मारत होतो, गरज संपल्यावरही दोन-तीन मारले.

"काय रे झिला," लवूकाका म्हणाले, "बोल्ट काढतंस काय कोणाचो जीव?"

आप्पा हसले. मग सुरू झाले. "सतरा नाय, एकोणीसचा घे. आरं, उलटा धरलास." तोच आवाज. लहानपणी रविवारी मी त्यांच्या शेजारी पाने घेऊन बसायचो. चुकीचा पाना दिला की त्याच पान्याने बोटांवर. चौदाचा असेल तर कमी लागायचं, चोविसाचा असेल तर संध्याकाळपर्यंत पेन धरता यायचं नाही. शाळेत माझं अक्षर वाईट होतं त्याचं कारण कुठल्या गुरुजींना कळलं नाही.

जुना बुश ठोकून काढला, नवा बसवला. बोल्ट घातला. गाडी जॅकवर, चाक हवेत लोंबत होतं. पाना लावला तेव्हा आप्पा खुर्चीतून अर्धवट उठले.

"आत्ता नको आवळू. नुसता धरून ठेव. गाडी खाली उतरव, वजन येऊ दे, मग आवळ."

"का?"

"का म्हणजे. आवळायचं तसंच असतं."

यांनी आयुष्यात कधी का सांगितलं नाही. आईलाही नाही, मलाही नाही. जो माणूस कारण देत नाही त्याची आज्ञा पाळू नये, हे मी शंभर सभांमधून सांगितलं आहे. आणि बोल्ट तो बोल्ट. हवेत आवळला काय, जमिनीवर काय. मी अंगातली सगळी ताकद लावून हवेतच आवळला.

आप्पा बसले. "पुस्तकात लिवलं आसंल तसं," म्हणाले.

११ फेब्रुवारी

आवाज गेला. मरोळला माझ्या कंपनीपर्यंत जाऊन आलो, एकही टक् नाही. जेवताना तीनदा सांगितलं. आप्पा भात कालवत राहिले. चेतना म्हणाली, "ऐकलं रे बाबा. सत्कार ठेवू का?"

ती आप्पांशी बरी बोलते. त्यांना बारीक चिरलेली मेथी लागते, तशी चिरते. त्यांनी अजून तिच्यावर आवाजही चढवलेला नाही. ढोंग आहे. मी वाट बघतोय.

१४ फेब्रुवारी

आवाज परत आला. पहिल्यापेक्षा वाईट. आता खड्डा नसला तरी कुरकुरतो, जणू कुणाचा तरी हात पिरगाळून ठेवलाय.

घरी येऊन पाना भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा पडला. चेतना कपडे घड्या करत होती. ती मध्ये नव्हती, वीतभर बाजूला होती. मी तिला तसं सांगितलंही. ती घड्या करत राहिली. पाना आप्पांनी वाकून उचलला आणि खिडकीत ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून मला ती सहन झाली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बुश बनावट होता, दुसरं कारण असूच शकत नाही. स्टेशनजवळच्या ज्या दुकानातून घेतला तिथे गेलो. गर्दी होती. मी मुद्देसूद बोलायला सुरुवात केली. दुकानदार, तिशीचा असेल, ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, वजनावर आवळलात ना? हवेत आवळला की रबर पिळतं, चार दिवसांत फाटतं."

तोच आप्पांचा धडा. सगळ्या शहराने ठरवून ठेवल्यासारखा.

मी त्याची कॉलर धरली. कॉलर धरणं म्हणजे हात उचलणं नव्हे. त्याने माझं मनगट धरलं, मी त्याला काउंटरवर दाबलं, काच तडकली आणि माझं कोपर आत गेलं. कुणीतरी मागून माझ्या कमरेला विळखा घातला. दुकानदाराच्या ओठातून रक्त येत होतं. ते काचेने की माझ्या डोक्याने, मला सांगता येणार नाही. तो ओठ पुसत म्हणाला, "नवीन दोन देतो. घेऊन जा. फक्त जा."

कोपराला सहा टाके. चेतनाने विचारलं, "कुणी मारलं?"

"काच फुटली."

"कुणी मारलं, असं विचारलं मी."

प्रश्नाचा रोख कळला नाही. मला कुणी मारलेलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज अपघात झाला. जॅक बसला.

क्रमाने लिहितो. गाडी पुन्हा उचलली, डावं चाक काढलं, आर्म सोडला, फाटका बुश बाहेर काढून लवूकाकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून तो फिरवून पाहिला. "बघ हय. रबर पिळान पिळान फाटलो. माल बरो होतो, मेल्या. आवळणारो वाईट होतो." आणि ते टॉर्च आणायला घरात गेले.

नवा बुश मी बसवला, बोल्ट नुसता अडकवला. गाडी खाली घ्यायची म्हणून आधाराचे दोन्ही स्टँड काढून बाजूला ठेवले. आप्पा खुर्चीतून उठून चाकाच्या जागी येऊन गुडघ्यांवर बसले. उजवा तळहात खाली लाकडी ठोकळ्यावर टेकवला आणि वाकून आत पाहू लागले. ठोकळा ब्रेकच्या ड्रमच्या बरोबर खाली होता, चाकाऐवजी वजन त्याच्यावर घ्यायचं होतं. मी जॅकपाशी होतो.

ते हसत होते. म्हणाले, "तुझी आई बी आशीच. सांगून कळायचं न्हाय तिला. दोन ठेवल्या की कळायचं."

मग जॅक बसला.

आवाज मोठा नव्हता. कडकण्यांचा डबा दाबल्यासारखा. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मी जॅकचा दांडा घातला, पंप मारला, जॅकने पहिल्या दमात गाडी उचलली. हात बाहेर आला तेव्हा त्याला हात म्हणवत नव्हतं. ठोकळा रक्ताने काळा झाला होता, आणि करंगळीशेजारचं बोट कातडीच्या एका पट्टीवर लटकत होतं. लवूकाका टॉर्च घेऊन आले आणि तिथेच खाली बसले.

वर पाहिलं तर चेतना गॅलरीत उभी होती. हातात ओली चादर. कधीपासून, माहीत नाही.

१७ फेब्रुवारी

दोन बोटं काढली. उरलेल्या दोनमध्ये सळया. अंगठा वाचला. डॉक्टर म्हणाले, मूठ वळणार नाही.

डॉक्टरांनी कसं झालं विचारलं. मी सांगायला लागणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "जुना जॅक. तेल गळतंय त्याचं. मीच हात घातला, चूक माझी."

बरोबर आहे. जुने जॅक बसतात. वाचलं आहे मी याबद्दल.

२१ फेब्रुवारी

संघमित्रा येऊन गेली. तिला सगळं सांगितलं. स्टँड का काढले, ठोकळा कुठे होता, जॅक किती वजनाचा. तिने ऐकलं. मग खाली गेली, जॅक वर आणला, वर्तमानपत्रावर आडवा ठेवला आणि आप्पांजवळ जाऊन बसली. दोन तास. जाताना तिने वर्तमानपत्र उचलून पाहिलं. कोरडं होतं.

"दादा, तू हे मला तीनदा सांगितलंस," ती म्हणाली.

"तू नीट ऐकत नव्हतीस."

"नाही. मी पहिल्यांदाच नीट ऐकलं होतं."

पोरगी लहानपणापासून अशी कोड्यात बोलते.

२५ फेब्रुवारी

चेतना आप्पांना भरवते. डाव्या हाताने त्यांना जमत नाही, डाळ दाढीवर सांडते. मी भरवायला बसलो तर त्यांनी तोंड उघडलं, पण डोळे माझ्या हातावर होते. घास पुढे नेला की मान किंचित मागे.

मी स्वयंपाकघरात गेलो की चेतना बाहेर येते. दोन खोल्यांच्या घरात हे जमवायला कौशल्य लागतं.

भाषणाची टिपणं: मारणारा माणूस स्वतःला मारणारा समजत नाही. तो स्वतःला डिवचला गेलेला समजतो. प्रत्येक मारणाऱ्याकडे समोरच्याचं एक वाक्य जपून ठेवलेलं असतं. (हे चांगलं आहे. इथे थांबायचं.)

२ मार्च, रविवार

सकाळी आप्पा म्हणाले, "गाडी तशीच पडलीय. काम पुरं कर."

त्या दिवसापासून गाडी स्टँडवर होती, बोल्ट नुसता अडकवलेला. मी म्हणालो, गॅरेजवाल्याला बोलावतो. "न्हाय. तू कर. मी बसतो जॅकपाशी."

खाली गेलो. त्यांनी सांगितलं तसं केलं, का न विचारता. चाक चढवलं. जॅक गाडीच्या अंगाखाली नाही, सरळ मागच्या ॲक्सलखाली लावला, म्हणजे गाडीचं वजन स्प्रिंगवर येतं, चाक लोंबत नाही. मी स्टँड ॲक्सलखाली लावायला घेतले.

"ऱ्हाऊ दे ते," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्ची सोडून जमिनीवर बसले होते, मांडी घालून. बँडेज केलेला हात छातीशी. डावा हात जॅकच्या तळाशी, त्या छोट्या स्क्रूवर. तो डावीकडे फिरवला की तेल सुटतं आणि जॅक बसतो. त्यात दांड्याची खाच घालावी लागते. त्यांनी घातलेली होती.

"जा आत," ते म्हणाले.

मी गेलो. का गेलो ते लिहू शकत नाही. पाठीवर सरकत गेलो, आणि गाडीचं पोट माझ्या नाकापासून वीतभर होतं. गंज, चिखल, डिझेलचा वास. छाती वर आली की शर्ट लोखंडाला लागायचा. पाना बोल्टवर बसेना. तिथून मला आप्पांचा फक्त डावा हात दिसत होता. म्हातारा, शिरा आलेला, दांड्यावर.

"त्या दिवशी तुझा दांडा डावीकडं फिरला," आप्पांचा आवाज आला. "पाव वळसा. मी बघितला."

मी पाना पुन्हा बोल्टवर टेकवला.

"तिथं थांबलं आसतं. जॅक जरा सरकला, बास. मग तू आणिक पाव फिरवलास."

"मग हात का नाही काढलात?"

रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"मला वाटलं तू थांबशील," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तुझी आई, शांता बी हेच म्हनायची. मला वाटलं तुमी थांबाल. मी म्हनायचो, नाटकं करू नको."

त्यांचा हात दांड्यावरच होता. मी डोळे मिटले. मला वाटलं आता येईल, सगळं लोखंड, आणि मला एक क्षण ते हवंही होतं, कारण मग हिशेब फिटला असता आणि मला पुढे काहीच म्हणावं लागलं नसतं.

"आवळ," आप्पा म्हणाले. "पुरा आवळ. आता वजन आहे."

मी आवळला. दात, खांदा, टाके, सगळं लावून. पाना थांबला. त्यांनी दांडा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

पाठीवर सरकत बाहेर आलो. आप्पांनी डावा हात पुढे केला. मी तो धरला नाही. गाडीच्या बंपरला धरून उठलो.

मी दोनदा फिरवला. हे इथे एकदा लिहून ठेवतो. पहिला पाव वळसा रागात. दुसरा रागात नव्हता. तेव्हा मी त्या हाताकडे पाहत होतो.

७ मार्च, शुक्रवार. बोरीवली

संघमित्राच्या घरी. ती नागपूरला गेली, खोक्यांमध्ये बसून लिहितोय. मुलुंडच्या आयोजकांना सकाळी फोन करून नाही सांगितलं. तिथल्या बाई म्हणाल्या, पत्रिका वाटून झाल्यात सर. मी कारण सांगितलं. बाई "बरं" म्हणाल्या.

काल संध्याकाळी चेतनाने आप्पांना औषध दिलं, दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी वरून बघत होते," ती म्हणाली. "पहिल्यापासून. तू खाली बघितलंस, त्यांचा हात कुठे आहे ते बघितलंस, आणि मग फिरवलंस."

"मला माहीत आहे."

"तुला आता माहीत झालं. मला पाना फेकलास तेव्हापासून माहीत आहे. त्याच्याही आधी, आरसा फोडलास तेव्हापासून, दाराला लाथ मारलीस तेव्हापासून. तू म्हणतोस मी हात नाही उचलत. बरोबर आहे. तू वस्तू उचलतोस." ती शांत बोलत होती, भाजीवालीशी बोलते तशी. "महिना झाला. ठरवायचं होतं ना आप्पांचं. ठरवलं मी. ते इथेच राहतील."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी म्हणालो, "मी त्यांची सेवा करीन."

"नाही. तू जायचंस. बोरीवलीचं घर मेअखेरपर्यंत आहे, संघमित्राशी बोलले मी. पुढचं पुढे बघू."

"म्हणजे आईला ज्याने बहिरं केलं तो राहणार आणि मी जायचं?"

"या घरात दोघांपैकी एकच राहील," ती म्हणाली. "आणि त्यांचा हात आता उठत नाही."

हे चुकीचं होतं. तर्काने चुकीचं, न्यायाने चुकीचं. एका दुपारच्या अपराधासाठी घालवून देणं आणि तीस वर्षांच्या मारझोडीला मेथीची भाजी वाढणं, यात कुठलं तत्त्व बसतं? माझ्याकडे मुद्दे होते, चार तरी होते, एकाहून एक धारदार. मी उठून उभा राहिलो. पहिला मुद्दा मांडायला तोंड उघडलं आणि सवयीने उजवा हात वर गेला, खांद्याच्या वर, पंजा उघडा. भाषणात जातो तसा. शेवटच्या रांगेपर्यंत दिसावा म्हणून.

चेतनाने मान वळवली आणि कोपर चेहऱ्यासमोर धरलं. डावा कान झाकला जाईल असं. विचार करून नाही. सराव असल्यासारखं.

मी तिला कधीही मारलेलं नाही. मग हा सराव कुठून आला?

हात वर होता. मी त्याच्याकडे पाहिलं. रुंद पंजा, फुगलेली बोटं, अंगठ्याच्या बुडाशी काळं वंगण. मी तो सावकाश खाली घेतला, कारण पटकन घेतला असता तर ती पुन्हा दचकली असती.

मग बॅग भरली.